चार ठिकाणं पुरतात

ताई, तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. सहा वर्षांच्या मुलाला ऑटिझम असल्याचं मार्चमध्ये कळलं, तर प्रमाणपत्र काढावं की त्यानं शिक्का बसेल? शाळा म्हणते शॅडो टीचर, म्हणजे वर्गात फक्त त्याच्यासोबत बसणारी बाई आणा, नाही तर दुसरी शाळा बघा, तर काय करायचं? आणि मे महिन्यात पुतणीचं लग्न आहे, सासरचे म्हणून राहिले की पोराला आईकडे ठेवून या, तर ठेवावं का? शेवटी जाता जाता लिहिलंत, "आम्ही आता कुठंच जात नाही." मी तिथूनच सुरू करते. माझा लेक आता वीस वर्षांचा आहे. तो पाच ते आठ वर्षांचा होता तेव्हा आम्हीही कुठंच जात नव्हतो, आणि ती तीन वर्षं मला अजून सलतात.

सगळ्या नागपूरनं आपल्या पोराला समजून घेतलं पाहिजे असं मला तेव्हा वाटायचं. ते होत नव्हतं, म्हणून दार लावून बसले होते. खरं तर चार ठिकाणं पुरतात. एक दुकान, एक सलून, एक बाग, एक नातेवाइकाचं घर. तिथं त्याला नावानं ओळखतात, त्याला काय चालतं आणि काय नाही हे ठाऊक असतं. तिथं परत परत जायचं, शक्यतो त्याच वेळेला.

सलूनचं सविस्तर सांगते. दोन वर्षं मी त्याचे केस रात्री तो झोपल्यावर कात्रीनं कापत होते. त्याआधी एका मोठ्या पार्लरमध्ये दोघांनी धरून मशीन चालवली होती, तो ओरडून ओरडून उलटी होईस्तोवर. मग सक्करदऱ्याकडे आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक छोटं दुकान होतं, दोन खुर्च्यांचं. दुपारी दोनला, गिऱ्हाईक नसताना मी एकटीच जाऊन त्या दादांशी बोलले. ऑटिझम हा शब्द त्यांनी माझ्याकडूनच पहिल्यांदा ऐकला.

पहिल्या दिवशी लेक उंबऱ्यावरच उभा राहिला. दादा म्हणाले, "राहू द्या ताई, आज नाही तर उद्या बसन." दुसऱ्या खेपेला फिरत्या खुर्चीत बसला, पण अंगावर कापड घेऊ दिलं नाही. तिसऱ्या खेपेला दादांनी मशीनचा प्लग काढला आणि मशीन त्याच्या हातात दिली. त्यानं ती गालाला लावली, उलटी केली, दाते मोजले. चौथ्या खेपेला मशीन सुरू करून त्यांनी आरशाखालच्या फळीवर ठेवली. लेकानं फळीवर तळहात टेकवला. थरथर हाताला लागली तसा मागे सरला, मग परत टेकवला. असं किती वेळ चाललं कोण जाणे, दादा बाजूला वस्तऱ्याचं पातं बदलत बसले होते. पाचव्या खेपेला अर्धं डोकं झालं आणि तो उठला. आम्ही तसेच घरी आलो, बाकीचं अर्धं दुसऱ्या दिवशी. आज तो एकटा जातो, पैसे देतो, परत येतो. मानेवर ब्रश फिरवलेला त्याला अजूनही सहन होत नाही, म्हणून दादा ओल्या फडक्यानं पुसतात. पहिल्या चार खेपांचे पैसे ते घेत नव्हते. मी हट्टानं दिले, कारण त्यांचा वेळ गेला होता. तुम्हीही द्या. उपकार म्हणून मिळालेली सोय कधी बंद होईल याची धाकधूक राहते.

मेट्रोचाही उपयोग करून घ्या. दुपारच्या वेळी सहसा गर्दी कमी असते, गारवा असतो, लिफ्ट असते आणि घोषणा दर वेळी तशाच होतात. बऱ्याच मुलांना ते फार आवडतं. सीताबर्डीला गाडी बदलताना मात्र गोंगाट असतो, सुरुवातीला एकाच मार्गावर खापरीपर्यंत जाऊन परत या. आणि सगळीकडे न्यायलाच पाहिजे असंही नाही. आम्ही महालात राहायचो तेव्हा मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळीच त्याला घेऊन मनीषनगरला बहिणीकडे जायचो. ढोल आणि ती गर्दी त्याला झेपत नाही, तर नाही. त्यात काही गमावलं असं मला वाटत नाही.

लोक विचारतात तेव्हा एकच वाक्य ठरवून ठेवा. "त्याला आवाजाचा त्रास होतो, दोन मिनिटं द्या." बहुतेकांना तेवढं पुरतं. पूर्ण इतिहास सांगत बसू नका, त्याच्यासमोर तर नाहीच. मी हे फार उशिरा शिकले. तो चौदा वर्षांचा असताना शेजारच्या काकूंना मी त्याची सगळी हकिगत सांगत होते, तो बाजूला कूलरच्या जाळीला बोट लावून हवा बघत होता. रात्री त्यानं माझ्या मोबाइलवर टाइप करून दाखवलं, "माझ्यासमोर नको." तो बोलतो कमी, म्हणून ऐकतही नसेल असं मी धरून चालले होते. तेव्हापासून त्याच्याबद्दल कुणाला काय सांगायचं ते मी त्याला विचारून ठरवते. तुमचा मुलगा सहाचा आहे, त्याच्याशी आतापासूनच तसं वागा.

आता प्रमाणपत्र. काढा. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, त्यात ऑटिझम नव्हता. आमच्या लेकाला मतिमंद या सदरात बसवूनच कागद मिळाला होता, खरा शिक्का तर तो होता. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं 21 प्रकार झाले, आता ऑटिझम त्याच्या स्वतःच्या नावानं लिहिला जातो. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, यासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा आणि सरकारी दवाखान्यात तपासणी होते. ऑटिझमसाठी इसा नावाची 40 प्रश्नांची मोजपट्टी लावतात, तुम्हालाही खूप विचारतात. घरी आठ दिवस टिपणं काढून न्या, नाही तर तिथं ऐन वेळी काही आठवत नाही. लहान मुलाला बरेचदा ठरावीक मुदतीचंच देतात, त्यानं घाबरू नका. रांगेसाठी डबा, पाणी, कानावरचे हेडफोन सोबत असू द्या. आम्हाला एका दवाखान्यात तीन तास व्हरांड्यात उभं केलं होतं, आत जाईस्तोवर पोर पार थकलं होतं. राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजनाही बघा. वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो, त्यात थेरपीही धरतात आणि आधी वैद्यकीय तपासणी मागत नाहीत.

प्रमाणपत्रावर अपंगत्वाचे टक्के 40 पेक्षा कमी आले तरी सगळी दारं बंद होत नाहीत. योजनांचे फायदे अडतात हे खरं, पण परीक्षेत लेखनिक मिळण्याच्या एका प्रकरणात 2021 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की गरजेप्रमाणे सोय मिळायला 40 टक्क्यांची अट लावता येत नाही. आमच्या लेकाला दहावीला तासामागे 20 मिनिटं जास्त मिळाली होती. त्यातली बरीचशी त्यानं पेन खाली ठेवून डोळे मिटून काढली, आणि त्यासाठीच त्यांची गरज होती.

शाळेबद्दल थोडक्यात. भेदभाव न करता प्रवेश आणि सर्वांसोबत शिक्षण, हे 2016 च्या कायद्यानं शासनमान्य शाळांकडूनही अपेक्षिलेलं आहे. 6 ते 18 वयाच्या लक्षणीय दिव्यांग, म्हणजे 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्कही आहे. तोंडी बोलणी थांबवा. "दुसरी शाळा बघा हे लेखी द्या," एवढंच नम्रपणे म्हणा. लेखी दिलं तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. पण त्याआधी वर्गशिक्षिकेला एकटीला भेटा. मुख्याध्यापक धोरण सांगतात, दिवस बाईंसोबत जातो. खिडकीजवळची जागा, घंटेआधी दोन मिनिटं बाहेर सोडणं, एवढ्या दोन गोष्टी मागून बघा.

आणि लग्न. न्या हो त्याला. त्याची बहीण आहे ती. पण पूर्ण दिवस नको. सकाळच्या मुहूर्ताला न्या, रात्रीच्या डीजेला नको. मंगलाष्टकं तो ऐकेल, पण शेवटचं "सावधान" झालं की बँड एकदम फुटतो आणि वरून अक्षता पडतात. तेवढ्यापुरतं त्याला बाहेर न्या, मग आत आणा. वरण-भाताचा डबा सोबत ठेवा, पंगतीतलं खाल्लं पाहिजे असा आग्रह कुणी करू नये हे जाऊबाईंना आधीच सांगून ठेवा. सगळ्या सासरला समजावत बसू नका, त्या एकट्यांना पटलं तरी पुरे. आणि लॉन कुठलं आहे ते विचारून आदल्या दिवशी संध्याकाळी त्याला तिथं घेऊन जा. मांडववाले खुर्च्या मांडत असतात, माणसं थोडी असतात, अर्धा तास तो मोकळा फिरेल. फाटक कुठं, पंखे कुठं, नवरीची खोली कुठं, सगळं त्याला बघून घेऊ द्या.