रक्तात सोडियम कमी, तरी ताटात मीठ कमीच का?

प्रश्न : माझे यजमान ६२ वर्षांचे असून त्यांना लिव्हर सिरॉसिस आहे. पोटातले पाणी दोनदा काढावे लागले. परवाच्या तपासणीत सोडियम १२७ आले, म्हणजे कमीच. तरीही डॉक्टरांनी मीठ कमी ठेवून लघवीच्या गोळ्या घ्यायला सांगितले आहे. सकाळच्या पोह्यांवर शेव आणि जिरावन मसाला नसला की ते बशी बाजूला सारतात. शेजारच्या काकू म्हणतात, मीठ कमी झालेय तर थोडे देत जा. त्यांची मूत्रपिंडेही बिघडली आहेत का? – एक वाचक, इंदूर

उत्तर : काकूंचा सल्ला मायेचा आहे, पण तो पाळू नये. आपल्या यजमानांच्या शरीरात मीठ कमी नाही, उलट गरजेपेक्षा बरेच जास्त आहे. मात्र त्याहूनही जास्त पाणी साठल्यामुळे रक्तातले त्याचे प्रमाण उतरलेले दिसते. वरणात पाणी जास्त झाले की ते अळणी लागते, पण पातेल्यातले मीठ कुठे गेलेले नसते, तसेच हे आहे.

हे घडते ते असे. यकृत कठीण झाल्यामुळे आतड्यांकडून त्याच्याकडे येणाऱ्या रक्ताला वाट मिळत नाही, ते रक्त आणणाऱ्या शिरेतला दाब वाढतो आणि पोटातल्या धमन्या सैलावतात. पुष्कळसे रक्त तिथेच रेंगाळल्याने, एकूण रक्त भरपूर असूनही धमन्यांतला भरणा अपुरा पडतो. मूत्रपिंडांना यकृताचे दुखणे कळत नाही; त्यांना कळतो तो एवढाच अपुरा भरणा, आणि जुलाबाने किंवा रक्तस्रावाने शरीर सुकले असता जे करायचे तेच ती करतात. अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाच्या हुकमाने ती मीठ धरून ठेवतात आणि मेंदूकडून येणारे दुसरे संप्रेरक त्यांना पाणीही सोडू देत नाही. हे मीठपाणी पोटात झिरपते, धमन्या रित्याच राहतात, म्हणून हुकूमही थांबत नाही.

तेव्हा मूत्रपिंडे बिघडलेली नसून चुकीच्या निरोपावर काम करत आहेत, असे म्हणणे अधिक बरोबर. अशा रुग्णांची, अगदी काम थांबलेली मूत्रपिंडेसुद्धा दुसऱ्याच्या शरीरात बसवल्यावर नीट चालू लागली, हे १९६९ मध्येच दिसून आले होते. मात्र क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचे काम दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा, ठीक आहे म्हणून निर्धास्त राहू नये. या आजारात स्नायू झडतात, त्यामुळे तो आकडा असतो त्यापेक्षा बरा दिसतो.

पोटातल्या एक लिटर पाण्यात सुमारे साडेसात ग्रॅम मीठ असते. लघवीवाटे ते जवळजवळ जातच नसेल, तर जास्तीचे तेवढे मीठ खाल्ले की लिटरभर पाणी साठलेच. म्हणून दिवसाला सगळे मिळून पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक लहान चमचा, ही मर्यादा घालतात, आणि शेव, पापड, लोणचे व जिरावनातले काळे मीठ त्यातच मोजायचे असते. सैंधवही मीठच. बाजारातले ‘कमी सोडियमचे’ मीठ तर आणूच नका. त्यात पोटॅशियम असते आणि स्पायरोनोलॅक्टोन ही लघवीची गोळी चालू असताना ते रक्तात धोकादायक वाढू शकते. पोह्यांवर लिंबू, कोथिंबीर आणि घरी भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून पाहा. अगदी अळणी जेवण मात्र लादू नये, असे माझे मत आहे. अन्नच सुटले तर स्नायू आणखी झडतात.

पाणी किती प्यावे हे डॉक्टरांनाच विचारा. कडक बंधन साधारणपणे सोडियम १२५ च्या खाली गेल्यावर घालतात, आणि तेव्हा लघवीच्या गोळ्याही बहुधा थांबवतात. गुडघे दुखले म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक देऊ नये, कारण मूत्रपिंडांचा उरलासुरला रक्तपुरवठा त्याने आटतो. रोज सकाळी लघवीनंतर वजन करून लिहून ठेवा : पायांवर सूज नसताना ते रोज अर्ध्या किलोहून जास्त उतरू लागले, तर गोळ्यांची मात्रा जड होत आहे असे समजून डॉक्टरांना कळवा. लघवी एकाएकी कमी झाली, ताप आला, पोट दुखू लागले किंवा बोलण्यात विसंगती आली, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या.