वीज म्हणजे आभाळातली की तारेतली?

तुम्ही विचारलंय की आभाळात चमकते तिला आणि तारेतून येते तिला मराठीत एकच शब्द का, मूळ अर्थ कोणता आणि इतर भाषांत काय म्हणतात. या शब्दाने माझी एकदा चांगलीच फजिती केली आहे, म्हणून उत्तर देते.

मी नाशिकला गंगापूर रोडला राहते, इंग्रजी मजकुराचं मराठी करून देते. सोसायटीच्या नोटिसा त्यामुळे माझ्याच गळ्यात. गच्चीवर अरेस्टर, म्हणजे आभाळातल्या विजेपासून इमारत वाचवणारं यंत्र, बसवायचं होतं, तेव्हा मी झोकात लिहिलं: 'रविवारी सकाळी १० ते १ या वेळेत वीज संरक्षक यंत्रणेचे काम होईल.' रविवारी नऊच्या आत घरोघरी पिंपं भरली, मोबाइल चार्ज झाले, समोरच्या काकूंनी इडलीचं पीठही वाटून ठेवलं. साडेदहाला त्या दारात हजर. "अगं, दहाला जाणार होती ना लाईट? अजून कशी गेली नाही?"

चूक माझीच. आता तुमचा प्रश्न: मूळ अर्थ आभाळातलाच आहे. संस्कृतात 'द्युत्' म्हणजे चमकणे, त्यावरून विद्युत्, प्राकृतात विज्जु, आणि झिजत झिजत आपली वीज. विज्जुला 'ल' चिकटला त्यातून हिंदीची बिजली आणि गुजरातीची वीजळी आली. आमच्या जिल्ह्यातच शब्द आणखी झिजतो. माझी आजी सटाण्याकडची, अहिराणी बोलायची. ती म्हणायची, "ईज चमकी ऱ्हायनी, घरमा ये." विस्तवाचा इस्तो होतो तशी विजेची ईज. माझी मावशी पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेली. पायाळू माणसावर वीज पडते असा समज, त्यामुळे ईज चमकली की आजी आधी तिला आत ओढायची, मग बाहेर वाळत टाकलेल्या मिरच्या.

तारेतली वीज फार नंतर आली. इंग्रजीतला इलेक्ट्रिसिटी हा शब्द 'एलेक्ट्रॉन' या ग्रीक शब्दावरून आलाय, त्याचा अर्थ अंबर, म्हणजे झाडाच्या चिकाचा दगड झालेला खडा. तो घासला की काडीकचरा ओढतो. म्हणजे त्यांनी त्या शक्तीला खड्यावरून नाव दिलं, आभाळाशी तिचं नातं नंतर जुळलं. आपल्याकडे ती आली तोवर दोन्ही एकच हे ठरून गेलेलं होतं, मग आभाळातलंच नाव पुढे चालवलं. असं करणारे आपण एकटे नाही. फारसीत बर्क म्हणजे आकाशातली वीज आणि घरातलीही. चिनीत 'दियेन' हा शब्द मुळात आकाशातल्या विजेचा, आज तो अनेक विद्युत उपकरणांच्या नावांत बसलाय. तमिळमध्ये मिन्नल म्हणजे आकाशातली, आणि त्याच 'मिन्' वरून घरातली ती मिन्सारम.

पण मराठी माणूस बोलताना दोन्हींत गल्लत करत नाही, आणि मला यातलं हेच सगळ्यात आवडतं. विजा चमकतात, पण विजा गेल्या असं कोणी म्हणत नाही. आभाळातली मोजता येते, तिला अनेकवचन आहे, तारेतलीला नाही. शिवाय बोलताना तारेतलीला आपण सहसा वीज म्हणत नाही, लाईट म्हणतो. 'लाईट गेली' यातलं स्त्रीलिंग बहुधा विजेकडूनच उसनं घेतलंय, असा माझा आपला अंदाज. वीज हा शब्द जास्त करून उरतो तो वीजबिल, वीजपुरवठा, वीजचोरी असल्या कागदी जोडशब्दांत. माझी नोटीस तिथेच घसरली: वीजला दुसरा शब्द जोडला की वाचणाऱ्याला थेट मीटरच आठवतो.

कागदावरचा हा फरक कधी फार महत्त्वाचा ठरतो. 'वीज पडून मृत्यू' ही नैसर्गिक आपत्ती, तिचा पंचनामा महसूल खात्याचा, मदत सरकारची. 'विजेच्या धक्क्याने मृत्यू' म्हटलं की तार कोणाची, खांब कोणाचा, असे प्रश्न सुरू होतात. वीज तीच, फक्त 'पडून'च्या जागी 'धक्का' आला.

क्रियापदांवरच मराठीचं सगळं चालतं. कानडीत लखलखते ती मिंचु आणि पडते ती सिडिलु, तेलुगूत मेरुपु आणि पिडुगु, फ्रेंचमध्येही एक्लेर आणि फूद्र असे दोन वेगळे शब्द आहेत. आपण एकाच विजेला चमकवतो, कडाडवतो आणि पाडतो. आवाजही आपण वाटून दिलाय. गडगडाट ढगांचा, कडकडाट विजांचा. खरं तर दोन्ही आवाज विजेचेच: ती जाते तिथली हवा क्षणात प्रचंड तापून फाकते, त्याचा तो आवाज. जवळ पडली तर कडाड ऐकू येतं, लांबची असली तर गडगड. हिंदीत 'गाज गिरना' म्हणजे वीज पडणे. आपल्याकडे गाज समुद्राची. मूळ एकच, गर्जना.

जपानीत तर वीज म्हणजे 'इनाझुमा', शब्दशः भाताची जोडीदार. विजेमुळे लोंबीत दाणा भरतो अशी तिकडची जुनी समजूत. अवकाळीत विजा कडाडायला लागल्यावर खळ्यातल्या कांद्यावर ताडपत्री ओढणाऱ्या निफाडच्या शेतकऱ्याला हे नाव सांगून बघा!

सौदामिनी, चपला, तडित, क्षणप्रभा, दामिनी ही संस्कृत नावं आता कवितेत आणि मुलींच्या बारशात. अपवाद दामिनीचा: पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने आसपास वीज पडण्याची सूचना देणारं ॲप काढलंय, त्याचं नाव दामिनी. एरवी कोणी तोंडातही न आणणारा शब्द त्यामुळे शेतकऱ्याच्या मोबाइलवर आला.

तुम्हाला अनुवादात वापरायचं असेल तर आभाळातलीसाठी नुसतं वीज, शक्यतो सोबत क्रियापद घेऊन. हिंदीसारखं 'आकाशीय वीज' लिहायची गरज नाही. घरातलीसाठी संवादात लाईट, कागदावर वीज. ती नोटीस मी लगेच बदलली: 'इमारतीवर वीज पडू नये म्हणून गच्चीवर काम चालू आहे. लाईट जाणार नाही.' यावर तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकांनी निरोप पाठवला की वीज पडायची ती पडतेच, यंत्र तिला फक्त जमिनीत नेतं, तेव्हा 'पडू नये' हेही चूक आहे. काका निवृत्त इंजिनिअर आहेत. त्यांचं बरोबर आहे.