उंबरठ्याच्या आत : माळ्यावरचे सामान आणि पावसाआधीचे दिवस

मे महिन्यात या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर दर वर्षी सारखाच असतो. आगोटीची खरेदी झालेली असते, आमसुले आणि आंबापोळ्या वाळत असतात, मुंबईची मंडळी सुट्टीला घरी आलेली असतात, आणि पावसाळ्यासाठी घरात सामान भरायला घेतले की आधीचेच सामान जागा सोडत नाही हे ध्यानात येते. या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे निवडली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आमचे गुहागर तालुक्यात जुने कौलारू घर आहे. दोन्ही दीर मुंबईला असतात आणि घर आम्ही दोघे सांभाळतो. माळ्यावर सासूबाईंच्या काळातील हंडे, घंगाळे, दोन पाळणे, पाट, साड्यांची ट्रंक, मोडक्या खुर्च्या, आंब्याच्या रिकाम्या पेट्या असे पुष्कळ सामान आहे. काही काढू म्हटले की कोणीतरी ‘असू दे, लागेल कधीतरी’ असे म्हणते. गेल्या पावसात एका वाशाला वाळवी लागली. मी काय करावे? (वय 58)

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. आपण माळ्याविषयी विचारले असले, तरी माझ्या मते आपली खरी अडचण अशी आहे की सामान सर्वांचे आहे आणि त्यावर झाडू मात्र एकटीने मारायचा आहे. ही अडचण बाजूला ठेवून मी आवराआवरीच्या युक्त्या सांगितल्या, तर येत्या गणपतीत त्यावरूनच घरात बोलाचाली होईल, म्हणून आधी वाळवीचे आणि मग माणसांचे बोलू.

सासूबाईंच्या वेळी त्याच माळ्यावर भात, सुके नारळ, लाकूडफाटा असे बरेच काही राहत असे, आणि तरीही तो माळा कोरडा असे. याचे एक मोठे कारण खालची चूल हे होते. बारा महिने वर जाणाऱ्या धुराने आणि उष्णतेने वासे सुकत आणि कीड दूर राहत असे. गॅस आला, डोळ्यांची आग थांबली, ही चांगलीच गोष्ट झाली, पण माळ्याला मिळणारी ती रोजची धुरी मात्र बंद झाली. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या रत्नागिरी जिल्ह्यात, ओल धरून ठेवणाऱ्या चिऱ्याच्या भिंतींच्या घरात, बंद माळ्यावर लाकूड, कागद आणि कापड एकत्र रचून ठेवणे म्हणजे वाळवीला घर बांधून देणे आहे. पूर्वीच्या पद्धतीने साठवण करणे आता शक्य नाही, हे आपण दिरांनाही याच शब्दांत सांगावे. त्यात कोणाच्या आईच्या वस्तूंचा अनादर होत नाही.

म्हणून पहिल्या दिवशी फक्त ज्यांवर कोणाचाही जीव नाही अशा वस्तू खाली आणाव्यात. आंब्याच्या लाकडी पेट्या, पेंढा, फाटक्या चटया, मोडक्या खुर्च्या, रंगाचे वाळलेले डबे आणि बंद पडलेला मिक्सर यांसाठी कोणाला विचारण्याची गरज नाही. पेट्या कलमवाल्याला देऊन टाकाव्यात, बंद विजेची उपकरणे भंगारात मोडतोड करायला न देता ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्यावीत, आणि रंग लावलेले लाकूड न्हाणीच्या चुलीत कदापि घालू नये, कारण जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते आणि त्याचा धूर घरातच फिरतो. एवढे झाले की वासे आणि खांब उघडे पडतील. मातीच्या बारीक नळ्या भिंतीवरून वर चढलेल्या दिसल्या, तर त्या नुसत्या झाडून काढून भागत नाही, कारण वाळवीचे वारूळ जमिनीत असते आणि नळी पुन्हा तयार होते. त्यासाठी पाऊस सुरू होण्यापूर्वी जाणकाराकडून पाया आणि खांबांच्या बुडाशी औषध घालून घ्यावे. त्यानंतर जे सामान माळ्यावर परत जाईल, ते भिंतीपासून वीतभर दूर आणि फळीवर उंच ठेवावे, म्हणजे पुढच्या खेपेला नळी चढू लागली तर ती दिसेल.

आता हंडे, घंगाळे, पाळणे आणि ट्रंक. या वस्तू आपण एकट्याने काढू नयेत, आणि एकट्याने जन्मभर सांभाळूही नयेत. दीर-जावा याच महिन्यात घरी येणार असतील, तर एका सकाळी हे सर्व सामान खळ्यात मांडावे. जे येऊ शकत नाहीत त्यांना प्रत्येक वस्तूचे छायाचित्र क्रमांक घालून पाठवावे. तांब्या-पितळेची भांडी घरच्या काट्यावर तोलून वजन वहीत लिहावे, कारण पुढेमागे मोड म्हणून विकायचे ठरले तर ‘किती होते, कितीला गेले’ हा प्रश्न हमखास निघतो, आणि लिहिलेले वजन त्या वेळी आपल्या बाजूने उभे राहते. मग ज्याला जी वस्तू हवी असेल त्याने तिच्यावर आपल्या नावाची चिठ्ठी बांधावी आणि ती आपल्या घरी न्यावी. मुंबईच्या घरात जागा नाही हे कारण खरे असते, हे मी जाणते. तरीही ज्याच्या घरात जागा नाही त्याची वस्तू दुसऱ्याने सांभाळायची, तर निदान दर वर्षी एकदा ती खाली काढून पुसण्याचे काम त्याने स्वतः येऊन करावे, एवढी अपेक्षा ठेवण्यात काही चूक नाही. कोणाचे उत्तर आले नाही म्हणून वस्तू विकून टाकू नये; ती वस्तू वेगळी बांधून गणपतीपर्यंत ठेवावी आणि त्या वेळी सर्वांसमोर पुन्हा विचारावे. दोन वेळा विचारूनही ज्या वस्तूचे नाव कोणी घेतले नाही, तिचे काय करायचे ते ठरविण्याचा अधिकार घर सांभाळणाऱ्या आपणा दोघांचा आहे, असे त्याच बैठकीत ठरवून घ्यावे.

जे ठेवायचे ठरेल, ते वापरात आणता येते का हेही पाहावे. भिजवलेले आमसूल आणि मीठ लावून घासले की हंडे लख्ख होतात, आणि पितळेच्या पातेल्याला कल्हई करून घेतली तर ते रोजच्या स्वयंपाकाला चालते. कल्हई नसलेल्या पितळेत किंवा तांब्यात मात्र ताक, सोलकढी, कैरीचे सार असे आंबट पदार्थ ठेवू नयेत. साड्यांच्या ट्रंकेतील जरीच्या साड्या प्लास्टिकच्या पिशवीतून काढून धुतलेल्या जुन्या सुती कापडात गुंडाळाव्यात आणि दर खेपेला घडी बदलावी, कारण वर्षानुवर्षे एकाच घडीवर राहिलेली साडी तिथेच विरते. दोन पाळण्यांपैकी एक ठेवावा असे माझे मत आहे, पण हे मत माझे आहे. आपल्या घरात कोणती मुले कोणत्या पाळण्यात झोपली हे मला ठाऊक नाही.

प्रश्न : मी चिपळूणचा सेवानिवृत्त शिक्षक आहे. 22 जुलै 2021 च्या पुरात आमच्या तळमजल्यावर पाणी होते. काही कागद आणि पुस्तके वाचली. तेव्हापासून एकही कागद टाकण्याचे धैर्य होत नाही. घरी मोडी लिपीतील एक गाठोडेही आहे, जे कोणालाच वाचता येत नाही. काय ठेवावे आणि काय टाकावे?

उत्तर : सर, ज्या माणसाने डोळ्यांदेखत कागद वाहून जाताना पाहिले, त्याचा हात कागद फाडताना थांबणारच, आणि तो थांबतो याबद्दल आपण स्वतःला दोष देऊ नये. आपल्याच गावातील लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 पासून उभे आहे, आणि 2005 तसेच 2021 या दोन्ही पुरांत त्याने ग्रंथ गमावले. जेथे एवढ्या जुन्या संस्थेवर ही वेळ आली, तेथे कोणता कागद कोणत्या उंचीवर ठेवावा हाच पहिला विचार असला पाहिजे, आणि कपाट आवरणे त्यानंतर येते.

खरेदीखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र, जन्म-मृत्यूचे मूळ दाखले, शैक्षणिक प्रमाणपत्रे आणि आपल्या निवृत्तिवेतनाचा आदेश हे सर्व मिळून एका पिशवीत मावते. ती पिशवी वरच्या मजल्यावर किंवा उंच ठिकाणच्या नातेवाइकांकडे असावी, आणि पाणी चढू लागले तर एका हाताने उचलता येईल अशी असावी. सातबाऱ्याच्या मात्र दहा-दहा छायाप्रती साठविण्याचे कारण उरलेले नाही, कारण डिजिटल स्वाक्षरी असलेला चालू उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून केव्हाही काढता येतो. जुने हस्तलिखित उतारे आणि फेरफार यांच्या मूळ नकला ही वेगळी गोष्ट आहे. वाटणीच्या वादात त्यांची गरज पडते, म्हणून त्या ठेवाव्यात. भरलेली जुनी वीजबिले, बंद झालेल्या खात्यांची माहितीपत्रके, लग्नपत्रिका आणि हमीची मुदत संपलेल्या वस्तूंच्या पुस्तिका खुशाल द्याव्यात. त्यांवर खातेक्रमांक असतील तर ते फाडून मगच रद्दीत घालावेत.

मूळ कागदांना लॅमिनेशन करू नये, हे मी आग्रहाने सांगते. ते पुन्हा काढता येत नाही आणि आत राहिलेली ओल कागद खाते. टाचण्या आणि स्टेपलच्या पिना काढून टाकाव्यात, कारण आपल्याकडच्या खाऱ्या हवेत त्या गंजतात आणि गंजाचा डाग कागदाला भोक पाडतो. हवाबंद डब्यात कागद ठेवायचे तर ते आत्ता, मेच्या उन्हाळ्यात सावलीत पूर्ण वाळवून ठेवावेत आणि सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. जुलैच्या दमट हवेत बंद केलेला डबा ओल कोंडून ठेवतो. एकमेकांना चिकटलेली छायाचित्रे ओढून सोडवू नयेत.

मोडी गाठोड्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. वाचता येत नाही या कारणासाठी ते टाकू नये. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडचे पुष्कळ दस्तऐवज मोडीत लिहिले जात होते, आणि कोकणातील घरांतून खोती, कुळे, देवस्थान यांसंबंधीचे कागद आजही सापडतात. प्रत्येक पानाचे छायाचित्र घेऊन मोडी जाणणाऱ्या एखाद्या अभ्यासकाला दाखवावे. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात, जे 1910 साली स्थापन झाले, अशा कागदांची कदर आहे. जमिनीशी संबंध नसलेले पण इतिहासाला उपयोगी असे काही निघाले, तर ते आपल्या कपाटापेक्षा तेथे अधिक सुरक्षित राहील.

पुस्तके ग्रंथालयाला द्यायची असल्यास आधी यादी पाठवून विचारावे. जुनी पाठ्यपुस्तके आणि बुरशी लागलेले खंड भेट म्हणून पाठविले, तर ते वेगळे काढण्याचे काम तेथील कर्मचाऱ्यांवर पडते, आणि एका पुस्तकाची बुरशी शेजारच्या पुस्तकांना लागते.

प्रश्न : मी रत्नागिरीत नोकरी करते. दोन खोल्यांचे भाड्याचे घर, दोन मुले. पावसाळ्यात घरभर ओले कपडे असतात आणि सकाळी किल्ली, डबा, रेनकोट यांपैकी एक तरी सापडत नाही. मोठे प्लास्टिकचे कपाट घ्यावे का?

उत्तर : कपाट आत्ता घेऊ नये. दोन खोल्यांत ते आणखी एक भिंत अडवील, आणि त्याच्या पाठीमागे बुरशी धरेल. आपल्या घरात जागा अडवतात ते न वाळणारे कपडे. जून ते सप्टेंबर या काळात जीन्स, जाड टॉवेल आणि जाड चादरी बांधून ठेवाव्यात आणि त्यांच्या जागी पातळ पंचे व लवकर वाळणारे कपडे वापरावेत. गणवेशाचा तिसरा जोड घेणे हा मला अनाठायी खर्च वाटत नाही. दोरी पंख्याखाली एकाच खोलीत असावी आणि झोपण्याच्या खोलीत शक्यतो नसावी.

दाराशी एक जुनी परात ठेवावी आणि छत्र्या, रेनकोट, चपला यांनी तिच्यापुढे घरात यायचे नाही, असा नियम करावा. किल्लीसाठी दाराच्या आतल्या बाजूला खिळा पुरेसा आहे. रात्री जेवणानंतरची दहा मिनिटे दप्तरे, डबे आणि दुसऱ्या दिवशीचे कपडे यांसाठी असावीत, आणि त्या दहा मिनिटांत आपल्यासह घरातील चौघांनीही उभे राहावे. आपण पत्रात यजमानांचा उल्लेख कोठेच केलेला नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

प्रश्न : हर्णैहून लिहिते आहे. आवराआवरीत थोरल्या मुलाची दुपटी आणि झबली सापडली. ती डांबरगोळ्या घालून ठेवली होती. ऑगस्टमध्ये मुलीचे बाळंतपण आहे. ती वापरली तर चालतील ना?

उत्तर : आहेत तशी वापरू नयेत. डांबरगोळ्यांतील नॅफ्थलीन कापडात राहते, आणि शरीरातील एका विकराची (एन्झाइमची), म्हणजे जी-सिक्स-पीडीची, जन्मजात कमतरता असलेल्या नवजात बाळांत त्यामुळे रक्तातील तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. बाळाला ती कमतरता आहे की नाही हे जन्मापूर्वी आपल्याला ठाऊक नसते. म्हणून दुपटी आत्ताच साबणाच्या पाण्यात दोन-तीनदा धुवावीत आणि वास पूर्ण जाईपर्यंत रोज उन्हात घालावीत. ज्यांचा वास जाणारच नाही ती पुसण्याच्या फडक्यांसाठी वापरावीत. राहिलेली दुपटी गोळ्यांशिवाय, कडुलिंबाचा वाळलेला पाला सुती पुरचुंडीत बांधून, बंद डब्यात ठेवावीत. ऑगस्टमध्ये ऊन नसेल, तेव्हा प्रत्येक दुपटे वापरण्यापूर्वी पुन्हा धुऊन गरम इस्त्रीने कोरडे करावे.