हळदीचं 'हर्बल नॅनो' ड्रेसिंग घ्यावं, की घरची हळदच लावावी?

तुमच्या वडिलांना मधुमेह आहे, तळपायाची जखम भरत नाहीये, म्हणून विचारताय. मी डॉक्टर नाही, पण प्रयोगशाळेत अशाच पट्ट्या बनवते. त्यामुळे पट्टीपुरतं बोलते.

हळदीत गुण आहे, यात वाद नाही. जखमेवर हळद वापरण्याचं अमेरिकेत १९९५ साली दिलेलं पेटंट १९९७ मध्ये रद्द झालं ते हा वापर आपल्याकडे जुनाच आहे, या जोरावर. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआरने, म्हणजे देशाच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने, जुने दाखले पुढे करून ते पाडलं. अडचण वेगळीच आहे. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. वरून थापलेली हळद बरीचशी तशीच बसून राहते.

नॅनोचा, म्हणजे अतिसूक्ष्म धाग्यांचा, उपयोग इथे होतो. पॉलिमरच्या (धागा होऊ शकणाऱ्या, प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या) द्रावणात कर्क्युमिन मिसळून सिरिंजमध्ये भरायचं आणि सुईला पंधरा-वीस किलोव्होल्ट द्यायचे. थेंब ताणला जाऊन केसाच्या शेकडो पट बारीक धागा सुटतो आणि समोरच्या फॉइलवर पिवळी साय धरते. (पावसाळ्यात दमट हवेने धाग्यांना गाठी पडतात, मग आख्खी बॅच टाकून द्या.) या जाळीतून कर्क्युमिन हळूहळू सुटत राहतं.

'कडुनिंबाचं नॅनो सिल्व्हर' म्हणून विकतात त्या पट्ट्या मात्र जरा जपून. सिल्व्हर नायट्रेटमध्ये पाल्याचा अर्क घातला की द्रावण तपकिरी होतं, म्हणजे चांदीचे कण तयार झाले. पुढे जंतू मारते ती मुख्यतः ही चांदीच; पाकिटावर चित्र पानाचं असतं.

आणखी एक. 'आठवड्यात जखम भरली' हे निकाल बहुतेक उंदरांवरचे असतात. उंदराची कातडी आक्रसून जखम मिटवते, माणसाची तशी फारशी आक्रसत नाही. त्यात मधुमेही पायाचा रक्तपुरवठा कमी, संवेदनाही कमी. साखर आटोक्यात आणणं, मेलेला भाग काढणं आणि पायावरचा भार हलका करणं, ही कामं कुठलीच पट्टी करत नाही.

घरची हळद उघड्या जखमेवर नकोच. ती निर्जंतुक नसते, शिवाय भेसळीचा प्रश्न आहेच. आधी मधुमेही पायाच्या तज्ज्ञांना किंवा सर्जनना दाखवा, आणि जखम काळी पडली, वास येऊ लागला किंवा ताप आला तर त्याच दिवशी. ते हो म्हणाले तरच पट्टी घ्या, आणि घेताना पाकिटावर उत्पादन परवान्याचा क्रमांक, 'स्टराइल' हा शब्द आणि मुदत बघा. यातलं एक जरी नसेल तर परत करा.