हीमवर (हिमोग्लोबिनमधला लोखंड असलेला रेणू) मलेरियाचं औषध बसलंय की नाही, हे मास स्पेकवर (रेणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र) पाहताना

आधी यंत्रात नुसतं हीम सोड, औषध नंतर. फेरिक (लोखंड +३ अवस्थेतलं) हीमचं पीक, म्हणजे आलेखावरचं टोक, वस्तुमान ६१६.१८ ला येतं आणि दोन एककं अलीकडे, ६१४ ला, त्याच्या साधारण ६ टक्के उंचीचं छोटं पीक दिसायला हवं. ते लोखंड-५४ चं, म्हणजे लोखंडाच्या हलक्या समस्थानिकाचं. ते नसेल तर पुढे जाऊच नकोस.

हेमिनचं (फेरिक हीमचं क्लोराइड) द्रावण डीएमएसओ या द्रावकात रोज ताजं कर. पाण्यात हीमचे रेणू एकमेकांना चिकटतात. फॉस्फेट बफर तर यंत्राजवळही नको, तो उडून जात नाही; उडून जाणारं अमोनियम अ‍ॅसिटेट वापर.

क्लोरोक्विन घातल्यावर ९३५.३६ ला पीक दिसलं की लगेच पेढे वाटू नकोस. इलेक्ट्रोस्प्रेचा (द्रावणाचा विद्युतभारित फवारा) थेंब आटताना जवळ आलेलं काहीही जोडीने उडतं. द्रावण दहापट पातळ करून बघ, योगायोगाने जुळलेली जोडी मग विरते. मग ते पीक निवडून टक्कर-ऊर्जा (वायूच्या रेणूंवर आपटण्याचा जोर) हळूहळू वाढव: क्लोरोक्विन सुटून ६१६ उरतं, कारण तो बंध सहसंयुजी नाही. आर्टेमिसिनिनचं वेगळं. त्याला आधी हीम फेरस (लोखंड +२) करावं लागतं, म्हणजे डायथायोनाइट किंवा ग्लुटाथायोनसारखं क्षपणक हवं, मग ८९८.३ ला येणारी जोडी खरोखर सहसंयुजी असते.

माझा आवडता कंट्रोल (पद्धत तपासायची तुलना) म्हणजे क्विनाइन आणि ९-एपिक्विनाइन, म्हणजे त्याचाच अवकाशातली मांडणी बदललेला रेणू. वस्तुमान तेच, दोघांचीही जोडी ९४०.३६ ला, पण मलेरियाच्या परजीवीवर दुसऱ्याचा प्रभाव नगण्य. तुझ्या पद्धतीला या दोघांत फरकच दिसत नसेल, तर नव्या औषधांचे आकडे गाइडपुढे ठेवायची घाई करू नकोस.