सोळाव्या वर्षी संघाने बोलावलं, पाठवायचं का?

मिसिसॉगा, ब्रॅम्प्टन, मिल्टन या टोरंटोच्या आसपासच्या गावांतले मराठी आईवडील माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात ते बहुधा मुलांचा अभ्यास, फोन किंवा घरातली धुसफूस घेऊन. अलीकडे त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे. मुलगा आइस हॉकी खेळतो, हौसेपेक्षा बराच वरचढ खेळतो, आणि एका मोठ्या संघाने त्याला बोलावलं आहे. पाठवायचं का? की हे संघ कोवळ्या पोरांना घाईने वर ओढतात आणि जमलं नाही की वाऱ्यावर सोडतात?

भारतातल्या वाचकांसाठी थोडं सांगते. ऑन्टारियोत पंधरा-सोळाव्या वर्षी ऑन्टारियो हॉकी लीग या ज्युनियर लीगचे संघ मुलांची निवड करतात. निवडलेला मुलगा अनेकदा दुसऱ्या शहरात जातो, एका अनोळखी कुटुंबात राहतो (त्याला इथे बिलेट म्हणतात), हंगामात 68 सामने खेळतो आणि गृहपाठ बसमध्ये करतो. समोर वीस वर्षांपर्यंतचे खेळाडू असतात. त्यानंतर अठराव्या वर्षी एनएचएलचा, म्हणजे नॅशनल हॉकी लीग या सर्वोच्च व्यावसायिक लीगचा, ड्राफ्ट; त्यात संघ क्रमाक्रमाने तरुण खेळाडू निवडतात. 32 संघ, सात फेऱ्या, 224 नावं. त्यातल्याही कित्येकांना एनएचएलचा एकही सामना मिळत नाही.

ज्या कुटुंबाबद्दल लिहिते आहे त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलगा सोळाचा, सेंटरला, म्हणजे आक्रमणाच्या मधल्या जागेवर खेळणारा. ऑन्टारियो लीगच्या एका संघाने त्याची निवड केली होती आणि ऑगस्टअखेरच्या कॅम्पला बोलावलं होतं. वडील लॅपटॉप उघडूनच बसले. त्यात रकाने होते: खर्च, स्कॉलरशिप, कुठल्या वयाला कोण कुठे पोचला. आई पर्स मांडीवर धरून बसली होती. मुलगा विचारलं तेवढंच बोलत होता.

"ताई, आत्ता नाही म्हटलं तर पुढच्या वर्षी त्या जागेवर दुसरा मुलगा असेल," वडील म्हणाले.

आई म्हणाली, "यांना कच्चीच पोरं लागतात. वर्ष-दोन वर्षं वापरतात. मग आमच्या मुलाने कुठे जायचं?"

दोघांच्या म्हणण्यात तथ्य होतं, म्हणून मी कुणाचीच समजूत काढायला गेले नाही. हॉकी मी मुलांमुळे शिकले. माझ्यासमोर बसणाऱ्या मुलाचं जग कळल्याशिवाय त्याच्याशी बोलता येत नाही, आणि इथल्या मुलांचं जग रिंकवर असतं. त्यामुळे काही खेळाडूंच्या वाटा मी नीट वाचल्या आहेत.

त्यातली एक आमच्या मिसिसॉगाचीच. मॅनी मल्होत्रा. वडील पंजाबी, आई क्यूबेकची. 1998 च्या ड्राफ्टमध्ये न्यूयॉर्क रेंजर्सने त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं आणि त्याच हंगामात, अठराव्या वर्षी, थेट एनएचएलमध्ये खेळवलं. 73 सामने, 8 गोल. आकडा वाईट वाटत नाही, पण त्यातला बराच काळ त्याला बर्फावर थोडी मिनिटं मिळत होती. जो मुलगा ज्युनियरमध्ये दर दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला खेळत होता, तो न्यूयॉर्कमध्ये मोठ्या माणसांचा खेळ बाकावरून पाहत होता. पुढच्या हंगामात तो न्यूयॉर्क, त्याचा जुना ज्युनियर संघ ग्वेल्फ आणि रेंजर्सचा दुय्यम संघ हार्टफर्ड असा फिरत राहिला. तो गोल करणारा मोठा खेळाडू होईल असं भाकीत होतं, तसा तो झाला नाही. झाला तो फेसऑफ (खेळ सुरू करताना पकसाठी होणारी झुंज) जिंकणारा, बचाव सांभाळणारा, संघाला हवाहवासा सेंटर, आणि एकूण 991 सामने खेळला. त्याला अजून एक-दोन वर्षं ज्युनियरमध्ये ठेवलं असतं तर काय झालं असतं, हे कुणालाच सांगता येणार नाही. मला मात्र वाटतं की त्या मुलाचं गोल करणं त्या बाकावर आटलं.

हे ऐकून आई वडिलांकडे पाहायला लागली. म्हणून मी लगेच एडमंटन या एनएचएल संघाचं सांगितलं. 2014 मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडलेला जर्मन मुलगा लिऑन ड्रायसायटल. त्यालाही एडमंटनने लगेच खेळवलं. 37 सामन्यांत 2 गोल. जानेवारी 2015 मध्ये त्याला ज्युनियरमध्ये परत पाठवलं. तिथे केलोना संघाकडून तो झपाट्याने खेळला, मेमोरियल कप या ज्युनियर संघांच्या स्पर्धेत सर्वोत्कृष्ट ठरला आणि 2019-20 च्या हंगामात त्याने एनएचएलमधल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूला मिळणारा हार्ट करंडक मिळवला. त्याच एडमंटनने 2016 मध्ये चौथ्या क्रमांकावर फिनलंडच्या येसे पुलयुयार्वीला घेतलं. पहिल्या हंगामात 28 सामने, एक गोल. वर-खाली, वर-खाली, शेवटी 2019 मध्ये तो मायदेशी खेळायला निघून गेला. वर्षभराने परतला, पण ज्याची वाट पाहत होते तो खेळाडू काही दिसला नाही. संघ तोच, निवडीचा क्रमांक जवळजवळ तोच, वय तेच.

जो थॉर्नटन हे वडिलांचं आवडतं नाव. 1997 चा पहिला क्रमांक, बॉस्टनमध्ये पहिल्या वर्षी 55 सामन्यांत फक्त 7 गुण (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून), आणि निवृत्त होईपर्यंत 1,539. "बघा, शेवटी सगळं जमतं," ते म्हणाले. थॉर्नटनसारखे थोडे असतात आणि ज्यांचं जमलं नाही त्यांची नावं आपल्या रकान्यात येत नाहीत, एवढं मी त्यांना सांगितलं.

संघ घाई करतात का? माझं स्पष्ट मत आहे की करतात, विशेषतः तळाला असलेले संघ. वरच्या क्रमांकाचा मुलगा त्यांनाच मिळतो, प्रेक्षकांना आशा दाखवायची असते, आणि त्यांच्याकडे त्या मुलाच्या बाजूला उभे राहतील असे जाणते खेळाडूही कमी असतात. त्यात नियमांची भर. कॅनडाच्या ज्युनियर लीगमधून आलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला वर्षानुवर्षं दोनच जागा होत्या: एनएचएल, नाहीतर परत ज्युनियर. मधली अमेरिकन हॉकी लीग, जिथे मोठ्यांबरोबर खेळून शिकता येतं, ती या वयाच्या मुलाला बंद. ज्युनियर त्याला सोपं झालेलं आणि एनएचएल झेपत नाही, अशा मुलाने जायचं कुठे? या नियमात आता थोडी सूट येते आहे, तेही फक्त एकोणीस वर्षांच्यांसाठी. शिवाय करार. एवढ्या लहान खेळाडूने हंगामात एनएचएलचे दहा सामने खेळले की त्याच्या पहिल्या कराराचं एक वर्ष खर्ची पडतं. म्हणून नऊ सामने खेळवून पाहायचे आणि ठरवायचं, अशी पद्धत पडली आहे. नऊ सामन्यांत मुलगा तयार आहे की नाही हे कळतं असं कुठल्याही बालमानसतज्ज्ञाने सांगितलेलं नाही. तो आकडा हिशेबाच्या वहीतून आला आहे, आणि एका मुलाची मनःस्थिती त्यावर टांगलेली असते याचा मला फार राग येतो.

पण हे सगळं एनएचएलच्या दारातलं. आमचा मुलगा अजून त्याच्या दोन मजले खाली होता. त्याच्याशी मी एकटीने बोलले.

आईबाबा बाहेर गेल्यावर त्याने टोपी काढली. घर सोडायची भीती वाटते का, विचारलं. नाही म्हणाला. बिलेट कुटुंबाकडे कुत्रा आहे का हे त्याने आधीच शोधून काढलं होतं. मोठ्या मुलांच्या धडका? "काकू, ते लागतंच." झोप कशी लागते, विचारलं तेव्हा मात्र गप्प झाला. मग हळूहळू सांगायला लागला, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत. सामन्याच्या दिवशी सकाळी पोटात दुखतं. खाल्लेलं बाहेर येतं. कधीपासून? निवड झाल्यापासून.

"जायची भीती नाही. परत यावं लागलं तर? आजीने पेढे वाटलेत नाशिकला. बाबांच्या ग्रुपवर फोटो आहे. परत आलो तर सगळ्यांना काय सांगायचं?"

या एका वाक्यानंतर कामाची दिशा बदलली. ड्रायसायटलला परत पाठवलं ते त्याच्या भल्याचं ठरलं, कारण परत जाणं हा त्याच्या शिकण्याचा भाग झाला. या मुलाच्या घरात परत येण्याची वाट पेढ्यांनी बंद झाली होती. ही घाई संघाने केली नव्हती. कुणी वाईट हेतूनेही केली नव्हती. आजीला आनंद झाला, तिने पेढे वाटले. बाबांना अभिमान वाटला, त्यांनी फोटो टाकला. ज्या माणसाने वर्षानुवर्षं पहाटे पाचला उठून मुलाला रिंकवर नेलं, त्याने आनंद लपवावा असं मी तरी म्हणणार नाही. पण सोळा वर्षांच्या मुलाच्या पोटात ते दुखत होतं.

त्याच्या संमतीने हे मी आईबाबांसमोर मांडलं. वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "मग काय करू? ग्रुपवरून फोटो काढू?" मी म्हटलं, फोटो राहू दे. जेवताना त्याला एकदा सांगा की कॅम्पहून परत आलास तरी आपलं काही बिघडत नाही, आणि आजीशीही तुम्हीच बोला, त्याला बोलायला लावू नका. आजीचं उत्तर मला नंतर कळलं: "अरे, पेढे निवडीचे होते. पुढचं पुढे." आजीला जे सहज कळलं होतं ते मधल्या पिढीला कळायला वेळ लागला.

दुसरं काम संघाशी बोलण्याचं. आईवडील अशा वेळी 'आमचा मुलगा तयार आहे का' असं विचारतात आणि समोरून 'हो, छान आहे' असं उत्तर येतं. त्यातून काही कळत नाही. आम्ही प्रश्न बदलले. त्याला सामन्यात साधारण किती मिनिटं मिळतील? त्याच्या हातून चूक होऊन गोल झाला तर पुढच्या शिफ्टला (बर्फावर उतरायच्या पुढच्या पाळीला) त्याला पाठवणार की बसवणार? हंगामाच्या मध्यात परत घरी पाठवायचं ठरलं तर ते त्याला कोण सांगणार, कोच की एजंट, की फोनवरचा निरोप? शाळेचं कोण पाहतं? आणि त्याच्याशी हॉकी सोडून बोलणारं संघात कुणी आहे का? हे प्रश्न मुलानेच विचारायचे असं ठरलं. वडिलांनी शेजारी बसायचं आणि बोलायचं नाही. वडिलांना हा भाग सगळ्यात कठीण गेला.

कोचने सरळ उत्तरं दिली. या वर्षी चौथी लाइन (सगळ्यात कमी खेळणारी आक्रमक फळी), सहा-सात मिनिटं, काही सामने स्टँडमध्ये बसून. त्याचं स्वतःचं मत होतं की मुलाने आणखी एक हंगाम घरी राहून यू-18 संघात भरपूर खेळावं, आणि बोलावलं की वरच्या संघात काही सामने खेळून जावं. म्हणजे आई ज्यांना घाबरत होती त्यांनाच घाई नव्हती. घाई होती ती वडिलांना आणि कुटुंबाच्या सल्लागाराला, जो आठवड्यातून दोनदा फोन करून 'ही गाडी चुकली तर' म्हणायचा. सगळेच संघ असे प्रांजळ नसतात. पण विचारल्याशिवाय ते कळतही नाही.

घरी राहायचं ठरल्यावर मुलापेक्षा वडील जास्त खचले, आणि पुढे काही काळ मी त्यांच्याशीच बोलत होते. एक गोष्ट त्यांनीच शोधून काढली. मुलगा बिलेटकडे गेला असता तर त्यांचं पहाटेचं ड्रायव्हिंग संपलं असतं, रिंकवरचे मित्र सुटले असते, गाडीतल्या त्या गप्पाही. हे आईच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून होतं. त्यांनी ते रकान्यात धरलंच नव्हतं.

गाडी चुकेल ही भीती वाटणाऱ्या पालकांना मी अर्शदीप बैन्सबद्दल सांगते. ब्रिटिश कोलंबियातल्या सरेचा पंजाबी मुलगा, एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये कुणीही निवडला नाही. ज्युनियरमध्ये राहता येतील तितकी वर्षं राहिला, 2021-22 मध्ये वेस्टर्न हॉकी लीगमध्ये सर्वाधिक 112 गुण केले, त्याच हंगामात व्हँकूव्हरने करार केला, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये तो एनएचएलमध्ये खेळला. 2025 मध्ये ॲबट्सफर्ड संघाने अमेरिकन लीगचा कॅल्डर कप जिंकला त्या संघात तो होता, आणि त्या संघाचा कोच होता मॅनी मल्होत्रा. कॉलेजची वाटही आता मोकळी आहे. पूर्वी कॅनडाच्या ज्युनियर लीगमध्ये खेळलं की अमेरिकन कॉलेज हॉकी बंद व्हायची. नोव्हेंबर 2024 मध्ये तो नियम बदलला आणि ऑगस्ट 2025 पासून ज्युनियर खेळलेली मुलंही कॉलेजात खेळू शकतात. तिथे सामने कमी, सराव आणि व्यायाम जास्त. ज्याचं शरीर उशिरा भरतं अशा मुलाला हे मानवतं.

मुलगा या हंगामात घरच्या संघात खूप खेळला. वरच्या संघाने अधूनमधून बोलावलं. एका सामन्यात त्याला दोनच शिफ्ट मिळाल्या. तो चिडला, येताना गाडीत धुसफुसला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नीट जेवून सरावाला गेला. उलट्या थांबल्या आहेत. पोटदुखी अजून कधीतरी होते, त्यावर आम्ही काम करतो आहोत.

ऑगस्टमध्ये पुन्हा कॅम्प आहे. या वेळी जायची त्याची स्वतःची इच्छा आहे आणि प्रश्नांचा कागद त्यानेच लिहिला आहे. माझे बहुतेक प्रश्न त्याने ठेवले आहेत. वर एक नवा घातला आहे, तो मला सुचलाच नसता: मला सेंटरलाच खेळवणार, की जागा नाही म्हणून विंगवर (कडेला) टाकणार?