मर्जरच्या कामात नवीन आहेस ना, मग आधी हे वाच

अरे, वडोदऱ्याच्या अलकापुरीतल्या ऑफिसात बसून काम करायचं असलं तरी मर्जरला मंजुरी देणारं सीसीआय, म्हणजे कॉम्पिटिशन कमिशन ऑफ इंडिया, दिल्लीतच बसतं, तेव्हा आधी कॉम्पिटिशन अ‍ॅक्ट 2002 चं कलम 5 आणि 6 नीट वाच, बाकीचं नंतर. पहिला प्रश्न एकच, डीलची नोटिस सीसीआयला द्यावी लागते का. टार्गेटची, म्हणजे विकत घ्यायच्या कंपनीची, भारतातली मालमत्ता 450 कोटींच्या किंवा टर्नओव्हर 1250 कोटींच्या आत असला तर बहुतेक वेळा सुटका होते, पण 10 सप्टेंबर 2024 पासून डीलची किंमत 2000 कोटींच्या वर आणि टार्गेटचा भारतात बऱ्यापैकी धंदा असेल तर ही सवलत विसरायची. नवीन पोरं इथेच आपटतात, नुसती बॅलन्स शीट बघतात आणि डीलची किंमत बघायला अ‍ॅग्रीमेंट उघडतच नाहीत.

सीसीआयच्या निर्णयाची मुदत आता 210 ऐवजी 150 दिवस, क्लायंटला मात्र याहून कमी सांगू नकोस, जीव खातात.

खरी भानगड मंजुरीआधी. मकरपुऱ्याच्या एका क्लायंटने मंजुरी यायच्या आधीच दोन्हीकडच्या सेल्सवाल्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, रोज सकाळी त्यावर रेट, कस्टमरची नावं सगळं! मला कळलं तेव्हा मी दांडिया बाजारात सेव उसळ खात होतो, घास घशातच अडकला. याला, म्हणजे मंजुरीआधीच दोन कंपन्यांनी एक झाल्यासारखं वागण्याला, गन जंपिंग म्हणतात, कलम 43ए खाली दंड 1 टक्क्यापर्यंत, तोही टर्नओव्हर, मालमत्ता किंवा डीलची किंमत यातलं जे जास्त असेल त्यावर. म्हणून पहिल्या मीटिंगलाच सेल्सवाल्यांना बोलवून घे, नुसत्या फायनान्सवाल्यांशी बोलून भागत नाही.